रीफ टाकीतले शेजारी: कोणता मासा कोणाबरोबर नांदेल?

समुद्री माशांच्या दुकानात पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाची यादी बहुतेक वेळा ठरलेली असते. केशरी-पांढरा क्लाउनफिश, ज्याला सगळे निमो म्हणतात. गडद निळा टँग. काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके असलेला डॉमिनो डॅमसेल. आणि पिसारा फुलवून संथ तरंगणारा लायनफिश. चौघे शेजारशेजारच्या काचेच्या खणांत पोहत असतात, चौघे खाऱ्या पाण्यातले आणि त्या दिवशी तरी चौघे बोटभर लांबीचे. एकत्र नेले तर बिघडलं कुठे, असं वाटणं साहजिक आहे.

बिघडतं ते पुढे. लायनफिश फूटभर वाढतो आणि तोंडात मावेल तो जीव गिळतो. क्लाउनफिश सहज मावतो. निळा टँग ३० सेंटिमीटरपर्यंत जातो, मग घरगुती टाकीत त्याला धड वळायलाही जागा उरत नाही. डॉमिनोचे ते देखणे ठिपके वयाबरोबर विरत जातात, मासा मळकट करडा होतो आणि टाकीचा एकेक कोपरा ताब्यात घेतो. दुकानात त्या चौघांच्या मध्ये काच होती म्हणून ते गुण्यागोविंदानं दिसत होते.

हा लेख मी घरी तीन फुटी रीफ टाकी, म्हणजे खडक आणि जिवंत कोरल (प्रवाळ) असलेली खाऱ्या पाण्याची टाकी, लावू पाहणाऱ्यांसाठी लिहिते आहे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच म्हणजे साधारण १९० लिटर. खडक आणि वाळू घातल्यावर प्रत्यक्ष पाणी उरतं दीडशे लिटरच्या आसपास. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये एवढी टाकी बसते आणि चिलरसकट, म्हणजे पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्रासकट, तिचं वीजबिल झेपतं. टाकी मोठी असली तर हिशेब थोडा सैल होतो, पण करावा लागतो तो हाच हिशेब.

एकदा आत गेलेला मासा

गोड्या पाण्याच्या टाकीत मासा चुकला तर जाळी घालून पाच मिनिटांत बाहेर काढता येतो. रीफ टाकीत दहा-पंधरा किलो खडक एकमेकांवर रचलेला असतो, त्याला जागोजागी भोकं, कपारी, बोगदे. वरून कोरल चिकटवलेले. जाळी पाण्यात शिरताच मासा खडकात नाहीसा होतो आणि तुम्ही काचेसमोर तासभर उभे राहता.

माझ्या पहिल्या टाकीत मी दुसऱ्याच आठवड्यात सिक्सलाइन रॅस सोडला होता. जांभळ्या अंगावर सहा केशरी रेघा, हिरवट शेपूट, जेमतेम करंगळीएवढा. दुकानात सांगितलं होतं, शांत मासा आहे, खडकातले किडे वेचून खातो. किडे वेचून खातो हे खरं होतं. तीन महिन्यांनी मी त्याच टाकीत रॉयल ग्रामा आणला. रॅसनं त्याला वरच्या कोपऱ्यात, पंपाच्या मागे कोंडून ठेवलं. खाणं पडलं की ग्रामा अर्धा वीत पुढे यायचा आणि रॅस त्याला परत रेटायचा. पाचव्या दिवशी ग्रामा मेला. मग रॅसला काढण्यासाठी मला सगळा खडक उतरवावा लागला. कोरल बादल्यांत, अर्धं पाणी उपसलेलं, संध्याकाळचे चार तास गेले आणि इतके दिवस वाढवलेला लेदर कोरल देठापाशी फाटला.

त्यात रॅसचा दोष काहीच नव्हता. तीन महिने ती पूर्ण टाकी त्याचं घर होतं आणि त्याच्या लेखी एक घुसखोर आला होता. क्रम मी चुकवला होता. तेव्हापासून एक गोष्ट मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते: मासे जमतील की नाही याचा निर्णय कागदावर व्हायला हवा, पहिला मासा विकत घेण्याच्या आधी, आणि सगळ्या माशांचा एकदम.

जमणं म्हणजे नेमकं काय

माशांची मैत्री होत नाही. होते ती जागेची वाटणी. गिरगावातली जुनी चाळ डोळ्यांसमोर आणा. वीस बिऱ्हाडं भिंतीला भिंत लावून वर्षानुवर्षं राहतात, कारण प्रत्येकाला आपली खोली आहे. कटकटी होतात त्या सामाईक नळावर, गॅलरीतल्या जागेवर, जिन्याखालच्या अडगळीवर. एकाच खोलीवर दोन बिऱ्हाडांनी हक्क सांगितला तर मात्र चाळ सुखानं झोपत नाही.

प्रवाळाच्या खऱ्या खडकावरही भांडणं चालतातच. तिथे हरलेला मासा आठ-दहा मीटर पळतो, मालकाच्या नजरेआड होतो आणि गोष्ट तिथेच संपते. तीन फुटी टाकीत पळून जाणार कुठे? तो कोपऱ्यात थांबतो. मालकाला तो अजूनही आपल्या हद्दीत दिसतो, म्हणून तो परत मारतो, दिवसभर मारत राहतो. टाकीतला मासा समुद्रातल्या माशापेक्षा खुनशी असतो असं नाही. हरणाऱ्याला पळायला वाव नसतो, म्हणून समुद्रात जी चकमक असते तिचा टाकीत छळ होतो. हे एकदा लक्षात आलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते यातूनच निघतात.

मासा निवडताना पहिली नजर तोंडावर टाकायची. मोठ्या माशाच्या तोंडात लहान मासा मावत असेल तर तो कधीतरी खाल्ला जाणार, बहुधा रात्री. लायनफिश, ग्रूपर, अँगलर हे या कारणानं लहान माशांच्या टाकीतून बाद. यात बघायचं ते पूर्ण वाढलेल्या माशाचं तोंड, दुकानातल्या पिल्लाचं नव्हे.

दुसरी नजर खोलीवर. मासा राहतो कुठे: वाळूत, कपारीत, खडकाच्या माथ्यावर, की मोकळ्या पाण्यात? खातो काय? दिसतो कसा? ज्या दोन माशांचा आकार सारखा, रंग सारखा, खाणं सारखं, त्यांचं बहुधा जमत नाही. समोरचा आपल्याच भाकरीवर हक्क सांगणार हे मासा दिसण्यावरून ओळखतो. म्हणून एका प्रकारचा एकच मासा ठेवायचा, नाहीतर खात्रीची जोडी.

तिसरी नजर कोरल आणि कोळंब्या-खेकड्यांवर. बटरफ्लायफिशच्या बहुतेक जाती कोरलचे बारीक जिवंत जीव खुडून खातात. मोठे एंजलफिश कोरल कुरतडतात. ट्रिगरफिश शंख-खेकडे फोडतो. कोरल बघायला म्हणून टाकी लावली असेल तर ही तिन्ही घराणी कितीही देखणी असली तरी सोडून द्यावी लागतात. फ्लेम एंजल, कोरल ब्यूटी यांसारखे लहान एंजल मधल्या पट्ट्यात येतात: एखादा वर्षानुवर्षं कोरलकडे ढुंकून बघत नाही, एखादा पहिल्याच आठवड्यात खायला लागतो, आणि कोणता कसा निघेल हे विकत घेताना कळत नाही. रीफ टाकीतून तो पुन्हा काढणं किती अवघड आहे ते वर सांगितलंच, म्हणून पहिल्या टाकीत मी तो आणायला सांगत नाही.

आता खोल्या वाटूया

तळमजला वाळूचा. तिथे माझी पहिली पसंती यलो वॉचमन गोबी आणि त्याच्याबरोबर पिस्टल श्रिम्प नावाची कोळंबी. ही कोळंबी जवळजवळ आंधळी असते, पण बिळं खणण्यात पटाईत. दिवसभर ती वाळू आणि खडे ढकलत बाहेर आणते. गोबीला नीट दिसतं, पण त्याला बीळ खणता येत नाही. म्हणून गोबी बिळाच्या तोंडाशी पहारा देतो आणि कोळंबी बाहेर येताना आपली एक मिशी त्याच्या अंगाला टेकवून ठेवते. धोका दिसला की गोबी शेपटी थरथरवतो, कोळंबी मागच्या मागे आत, आणि पाठोपाठ गोबीही. एक राखणदार, एक गवंडी. दुकानातून दोघे वेगवेगळे आणून टाकीच्या दोन टोकांना सोडले तरी बहुधा दोन-चार दिवसांत एकमेकांना शोधतात. रात्री हॉलमधून टक् असा काच तडकल्यासारखा आवाज आला तर घाबरू नका, कोळंबीनं नांगी वाजवली आहे. एक काळजी मात्र घ्या: खडक वाळूवर ठेवायचा नाही, टाकीच्या तळावर टेकवून मग भोवती वाळू ओतायची. नाहीतर तिच्या खणण्यानं खडक ढासळतो.

खडकाचा माथा ब्लेनीसाठी. टेलस्पॉट ब्लेनी लहान असते, छोट्या भोकात शेपटीकडून शिरून फक्त तोंड बाहेर काढून बसते आणि खडकावरचं शेवाळ खरवडते. लॉनमोअर ब्लेनी जास्त वाढते आणि तिला खूप शेवाळ लागतं. नव्या स्वच्छ टाकीत ती हळूहळू वाळत जाते.

कपारीची खोली रॉयल ग्रामाला. हा कॅरिबियन समुद्रातला मासा, पुढचा अर्धा भाग जांभळा आणि मागचा पिवळा. कपारीच्या छताला पोट लावून तो उलटा पोहतो तेव्हा आजारी असल्यासारखा वाटतो, पण ती त्याची सवयच आहे. आपल्या भोकापुरता तो तोंड वासून धाक दाखवतो, पाठलाग क्वचितच करतो.

इथे जरा थांबून एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण यात पुष्कळांची फसगत होते. रॉयल ग्रामासारखाच दिसणारा दुसरा मासा आहे, रॉयल डॉटीबॅक. तोही अर्धा जांभळा, अर्धा पिवळा, तेवढ्याच आकाराचा आणि बहुधा स्वस्त. तो येतो पॅसिफिकच्या पश्चिमेकडून, आणि स्वभाव अगदी उलटा: छोट्या टाकीत तो फायरफिश, गोबी, लहान कोळंब्या, कोणालाच सुखानं राहू देत नाही. दोघांची ओळख अशी. ग्रामाच्या अंगावर जांभळा रंग हळूहळू, ठिपक्याठिपक्यांनी पिवळ्यात मिसळतो. त्याच्या पाठीवरच्या पराच्या पुढच्या टोकाला एक गडद ठिपका असतो आणि डोळ्यातून एक काळी रेघ जाते. डॉटीबॅकचे दोन रंग सुरीनं कापल्यासारखे एका रेघेत वेगळे होतात आणि परावर तो ठिपका नसतो. दुकानाच्या निळ्या दिव्याखाली दोन्ही सारखेच भासतात, म्हणून पांढरा दिवा लावायला सांगा किंवा मोबाइलचा टॉर्च बाजूनं धरा.

मोकळ्या पाण्यात फायरफिश. पांढरं अंग, मागे जाता जाता पेटत गेलेला लाल रंग आणि डोक्यावर उभा तुरा. हा टाकीतला सर्वांत भित्रा जीव. जरा कोणी अंगावर आलं की बिळात, आणि बीळ जवळ नसेल तर सरळ पाण्याबाहेर. सकाळी फरशीवर वाळलेला फायरफिश सापडणं हे या छंदातलं नेहमीचं दुःख आहे. टाकीवर बारीक जाळीचं झाकण हवंच, पंपाच्या वायरसाठी सोडलेल्या फटीसकट. काचेचं झाकण मी टाळते; त्यानं उष्णता कोंडते आणि पाण्याला हवा कमी मिळते.

आणि क्लाउनफिश. तो डॅमसेलच्याच कुळातला. मालवणला स्नॉर्केलिंग करताना पावाच्या तुकड्यांवर झुंडीनं येणारे पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे पाहिले असतील, ते सार्जंट मेजर, म्हणजे याचे चुलतभाऊ. कुळाचा भांडखोरपणा क्लाउनमध्येही आहे, पण ऑसेलॅरिस जातीत तो सौम्य आहे. मरून क्लाउन, टोमॅटो क्लाउन हे मात्र पूर्ण वाढल्यावर तीन फुटी टाकी स्वतःच्या नावावर करतात. टाकीत घातलेल्या हातालाही चावतात.

क्लाउनची जोडी जमवणं सोपं आहे, त्यांच्या शरीराची रीत समजून घेतली तर. सगळे क्लाउन जन्मतात ते ना पुरते नर ना मादी. एका गटात जो सर्वांत मोठा आणि दांडगा तो मादी होतो, दुसऱ्या क्रमांकाचा नर, बाकीचे पिल्लासारखेच राहतात. मादी मेली तर नराची मादी होते आणि खालचा एक वर सरकतो. म्हणून दोन लहान पिल्लं घ्यायची, एक दुसऱ्यापेक्षा ठळकपणे मोठं. ती एकमेकांना थोडं ढकलतात, मग लहानगं अंग थरथरवून शरणागती पत्करतं आणि जोडी ठरते. दोन पूर्ण वाढलेल्या माद्या एकत्र आणल्या तर एक दुसरीला मारते, कारण मादी झालेला मासा पुन्हा नर होऊ शकत नाही. तीन क्लाउन तर नकोतच. जोडी ठरली की तिसरा जगत नाही.

(अँथियास नावाच्या केशरी माशांत हे चक्र उलटं फिरतं. तिथे सगळ्या माद्या असतात, एक नर असतो, आणि नर गेला की दांडगी मादी नर होते. देखणे मासे आहेत, पण दिवसातून तीन वेळा खाणं लागतं आणि थवा लागतो. तीन फुटी टाकीचं ते काम नाही.)

क्लाउनला सी-अ‍ॅनिमोनी, म्हणजे डंख करणाऱ्या मऊ भुजांचा फुलासारखा दिसणारा समुद्री जीव, हवाच असतो असा समज आहे. तो नसला तरी क्लाउन मजेत राहतो, लेदर कोरलमध्ये किंवा पंपाजवळच्या कोपऱ्यातही मुक्काम करतो. अ‍ॅनिमोनीला मात्र जुनी, स्थिर टाकी आणि भरपूर प्रकाश लागतो. शिवाय तो जागा बदलतो, वाटेतल्या कोरलना डंख करतो आणि कधी पंपात अडकून सगळं पाणी नासवतो. पहिल्या वर्षी तो नको.

एवढी बिऱ्हाडं झाली: एक गोबी, एक ब्लेनी, एक ग्रामा, एक फायरफिश, दोन क्लाउन. सहा मासे. प्रत्येकाची खोली वेगळी, आकार वेगळा, रंग वेगळा. ग्रामाऐवजी बंगाई कार्डिनलची जोडी घेता येईल. हा मासा जगात फक्त इंडोनेशियातल्या बंगाई बेटांच्या आसपासचा. पकड इतकी झाली की २००७ साली तो धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत गेला. याचा नर अंडी आणि पिल्लं तीन-चार आठवडे तोंडात सांभाळतो आणि तेवढे दिवस खात नाही. बंदिस्त जागेत त्याची पैदास सहज होते, म्हणून घ्यायचा तर टाकीत जन्मलेलाच घ्या. चार-पाच एकदम मात्र नकोत, शेवटी दोनच उरतात. हिरव्या क्रोमिसच्या थव्याचंही तेच होतं. दुकानात वीस क्रोमिस एकदिलानं फिरताना दिसतात; घरी आणलेले सहा वर्षभरात एकेक करून कमी होतात.

उपाशी मरणारे

काही मासे कोणाशी भांडत नाहीत, कोणी त्यांना मारत नाही, तरी ते टिकत नाहीत. मँडरिन हा त्यातला सर्वांत देखणा: निळ्या अंगावर केशरी नक्षी, पैठणीच्या पदरासारखी. तो दिवसभर खडकावरून कोपेपॉड नावाचे सुईच्या टोकाएवढे जीव एकेक करून टिपतो. नव्या टाकीतले कोपेपॉड दोन-तीन आठवड्यांत संपतात. गोठवलेलं खाणं बहुतेक मँडरिन ओळखतच नाहीत. मग पोट खपाटीला जातं आणि दोन महिन्यांत मासा संपतो. सिक्सलाइन रॅस त्याच खडकावर तेच जीव टिपत असेल तर आणखी लवकर. वर्षभर मुरलेली टाकी आणि त्या खाण्याला दुसरा वाटेकरी नसेल, तरच मँडरिनचा विचार करावा. क्लीनर रॅसचंही तसंच. इतर माशांच्या अंगावरचे परजीवी हे त्याचं जेवण, आणि सहा माशांवर त्याचं पोट भरत नाही.

आपल्याकडच्या दुकानांत वारंवार दिसणारा पावडर ब्लू टँग याच यादीत घालायला हवा, जरी कारण वेगळं असलं तरी. हिंदी महासागरातला हा आकाशी निळा मासा अखंड पोहणारा. शेपटीच्या मुळाशी शस्त्रक्रियेच्या पात्यासारखा काटा, आणि राग आला की तो वापरतो. अपुऱ्या जागेत त्याच्या अंगावर ताण येतो आणि पांढऱ्या ठिपक्यांचा आजार सर्वांत आधी त्यालाच धरतो, मग सगळ्या टाकीला. सहा फुटांच्या खाली टाकी असेल तर मी त्याला काचेतूनच बघते. लाँगहॉर्न काउफिश या शिंगवाल्या चौकोनी माशाला तर मोठ्या टाकीतही नाही म्हणा. तो घाबरला किंवा मेला तर अंगातून विष सोडतो आणि त्या पाण्यातले बाकीचे मासे मरू शकतात.

सहाच का

मासा श्वासाबरोबर कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. खडकातले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले म्हणजे टाकी माशांना तयार झाली. याला चार ते सहा आठवडे लागतात. हे जिवाणू जेवढा अमोनिया मिळतो तेवढेच वाढतात, म्हणून सहा मासे एका दिवशी सोडले तर त्यांना झेपत नाही. दोन-दोन आठवड्यांचं अंतर ठेवायचं ते त्यासाठी.

दुसरं कारण वीज. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा प्राणवायू साधारण पाचव्या हिश्श्यानं कमी विरघळतो आणि पाणी तापलं की आणखी कमी. मे महिन्यात किंवा पावसाळ्यातल्या एखाद्या वादळी रात्री तीन तास वीज गेली, पंप थांबले, तर सहा माशांची टाकी तग धरते. बारा माशांची सकाळपर्यंत राहीलच असं नाही. बॅटरीवर चालणारा एक एअर पंप शेजारच्या खणात ठेवाच.

क्रम, आणि त्याआधीचे सहा आठवडे

भित्रा आधी, दांडगा शेवटी. याच क्रमानं: आधी गोबी-कोळंबी आणि फायरफिश, मग ब्लेनी, मग ग्रामा, सर्वांत शेवटी क्लाउनची जोडी. फायरफिशनं महिनाभर टाकी ओळखीची करून घेतलेली असते, कुठल्या भोकात शिरायचं हे त्याला झोपेतही माहीत असतं, मग क्लाउन आले तरी तो टिकतो. उलट केलंत तर माझ्या ग्रामाचं झालं तसं होतं.

पण त्याआधी प्रत्येक मासा वेगळ्या छोट्या टाकीत चार ते सहा आठवडे ठेवायचा. लोक हे टाळतात आणि सगळ्यात जास्त मासे यामुळेच जातात. पांढऱ्या ठिपक्यांच्या आजाराचा परजीवी माशाच्या अंगावर काही दिवस राहतो, मग गळून खडकावर, काचेवर कोश करतो. त्या कोशातून शेकडो पिल्लं बाहेर पडतात आणि नवा मासा शोधतात. औषध म्हणजे तांबं. तांब्यानं परजीवी मरतो, पण कोळंबी, शंख आणि कोरलही मरतात, म्हणून रीफ टाकीत औषध घालताच येत नाही. एकदा आजार आत आला की सगळे मासे बाहेर काढून टाकी अडीच महिने माशांविना ठेवावी लागते. त्यापेक्षा चाळीस लिटरची टाकी, स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे, एवढ्यात भागतं. शिवाय इतक्या आठवड्यांत मासा गोठवलेलं खाणं खायला शिकतो आणि अंग धरतो. धष्टपुष्ट मासा नव्या टाकीतली पहिली रेटारेटी सोसतो. उपाशी मासा सोसत नाही.

घेण्यापूर्वी

दुकानदाराला मासा खाताना दाखवायला सांगा. न खाणारा मासा स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. कल्ले भराभर हलत असतील, पोट आत गेलं असेल, एकटाच पंपाच्या प्रवाहात तोंड घालून उभा असेल, तर त्या खणातला कुठलाच मासा नको, कारण पाणी एकच आहे. आणि विचारा, टाकीत जन्मलेला आहे का. काही देशांत अजूनही सायनाइड फवारून गुंगलेले मासे पकडतात. ते दुकानात ठीक दिसतात आणि घरी काही आठवड्यांत जातात. क्लाउनच्या बाबतीत तर समुद्रातला मासा घ्यायची गरजच नाही. केरळमधल्या विळिंजम इथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्यांची पैदास करून दाखवली आहे, आणि आपल्याकडे ऐरोलीत कांदळवन प्रतिष्ठानानं शोभिवंत समुद्री माशांची हॅचरी उभी केली आहे.

आपल्या किनाऱ्यावरून मात्र काहीही उचलून आणू नका. खडक बांधणारे कोरल, काळे कोरल, समुद्री पंखे आणि समुद्री घोडे हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीनं. कोणी खाजगीत समुद्री घोड्याची जोडी देतो म्हणाला तर तिथून निघून या. आणि उलटंही करू नका: नको झालेला मासा समुद्रात सोडू नका. अमेरिकेच्या किनाऱ्यापासून कॅरिबियनपर्यंत आज लायनफिश पसरला आहे तो त्या समुद्रातला नव्हेच. घरगुती टाक्यांतून सुटलेल्या माशांपासून त्याची सुरुवात झाली असं मानलं जातं.

नवा मासा सोडायच्या दिवशी टाकीत आधी भोकं पाडलेला प्लास्टिकचा पारदर्शक डबा अडकवा आणि मासा त्यात ठेवा. जुने मासे बाहेरून येऊन बघतात, काही डब्यावर धडका देतात. दोन-तीन दिवसांत धडका थांबल्या की दिवे मंद करून, टाकीत सगळ्यांना खायला घालून, डबा आडवा करायचा. त्याच वेळी वरचे एक-दोन दगड हलवून ठेवले तर आणखी बरं. जुन्यांच्या हद्दी पुसट होतात आणि सगळ्यांनाच नव्यानं जागा शोधावी लागते.

त्या रात्री दिवे गेल्यावर अर्ध्या तासानं लाल कागद लावलेला टॉर्च घेऊन टाकीसमोर बसा. कोण कुठे झोपलंय ते पाहा. गोबी बिळात, ब्लेनी आपल्या भोकात, ग्रामा कपारीच्या छताला, फायरफिश खडकाच्या फटीत, क्लाउन कोपऱ्यात अंगाला अंग लावून. एखादा मासा अजून मोकळ्या पाण्यात, काचेलगत, वरच्या कोपऱ्यात ताटकळत असेल तर त्याला अजून खोली मिळालेली नाही. दुसऱ्या रात्रीही तो तिथेच दिसला तर तिसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याला डब्यात परत घ्या. तो अजून खडकात शिरलेला नसतो, तेव्हाच जाळीत सापडतो.